माझ्या नावाचा गुडघा

या लिखाणात कुणाचंच नाव येणार नाही. माझंही नाही. नावापायी काय होतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय, तेवढं पुरे आहे. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याला मी नुसतं 'तो' म्हणेन. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट विंगर. त्याचं गाव हरसूलच्या पुढे, डोंगरात. मी नांदगावचा. आमची गाठ पडली नाशिकला, पंचवटीतल्या एका खोलीत. तिथे आम्ही तिघंचौघं भाड्याने राहायचो.

आधीच सांगतो, माझा स्वभाव चांगला नाही. पटकन चिडतो, आणि चूक माझी असली की जास्तच चिडतो. त्यामुळे हे लिहितानाही मधेच कुणावर तरी भडकलेला दिसेन. ते मनावर घेऊ नका. बहुतेक वेळा तो राग माझा माझ्यावरच असतो.

फुटबॉल मला येत नव्हता. नांदगावला आम्ही क्रिकेट खेळायचो, तेही विटांचे स्टंप करून. फर्स्ट इयरला मी त्याच्यासोबत सकाळी ग्राउंडवर गेलो ते केवळ खोलीवर एकट्याला करमत नव्हतं म्हणून. तो मात्र असा पळायचा की बघत राहावं. लहानपणापासून शाळेसाठी रोज डोंगर उतरलेला आणि चढलेला पोरगा, त्याला सपाट मैदान म्हणजे चेष्टाच. डाव्या लाइनवरून बॉल घेऊन निघाला की समोरच्या डिफेंडरचा चेहरा उतरायचा. प्रॅक्टिसमध्ये मला तो असे पास द्यायचा की मी नुसता पाय आडवा धरला तरी गोल व्हायचा. स्पोर्ट्सच्या सरांना वाटलं, या पोरात काहीतरी आहे. असा मी टीममध्ये आलो, शेवटच्या नंबरवर. आलो कसला, त्याने आणला.

दोन वर्षं तो खेळला आणि मी बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या भरल्या. मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. सुट्टीवरून येताना तो नागलीच्या भाकऱ्या आणायचा, मी आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणायचो, आणि खोलीवर आमची मेजवानी व्हायची. त्याच्या घरची भाकर काळी आणि आमची चटणी लालभडक, यावरून उरलेले दोघं आम्हाला चिडवायचे आणि मग आमच्याच ताटातलं खायचे.

तिसऱ्या वर्षी घोळ झाला. तो सेकंड इयरला नापास झाला आणि त्याचं पुढचं ॲडमिशन राहिलं. म्हणजे त्या वर्षी तो कॉलेजचा विद्यार्थीच नव्हता. खोली मात्र त्याने सोडली नाही, कारण त्याने पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. भात कापून झालं की त्याचे आईवडील दरवर्षी दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरायचे आणि बागेच्या कडेला पाल ठोकून राहायचे. हे पाल एकदाचं सुटलं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भरतीत आधी ग्राउंड असतं आणि त्यात मुख्य म्हणजे सोळाशे मीटर पळणं. लेखी परीक्षेत तो कसाबसा निघाला असता, पण ग्राउंडला त्याला कुणी हात लावू शकणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सकाळी पळायचा, दुपारी एका मंडपवाल्याकडे कामाला जायचा, संध्याकाळी पुन्हा पळायचा. त्याच्याजवळ जे काही होतं ते त्या दोन पायांत होतं.

दिवाळीनंतर आमच्या झोनच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा लागल्या. चार मॅच जिंकल्या की झोनचे विजेते. आणि आमच्याकडे लेफ्टला माणूसच नव्हता. कॅप्टन नाशिकरोडचा, तसा भला पोरगा, पण हरणं त्याला सहन व्हायचं नाही. त्याने आणि सरांनी मिळून तोडगा काढला. हा तोडगा बरेच जण काढतात आणि कबूल कुणीच करत नाही. डमी उतरवायचा. स्पर्धेचा फॉर्म कॉलेजातल्या एका खऱ्या विद्यार्थ्याचा भरायचा, नाव त्याचं, जन्मतारीख त्याची, रोल नंबर त्याचा, आणि फोटो मात्र खेळणाऱ्याचा. त्या वर्षी नवीन पोरं आल्यामुळे सरांनी यादीतून माझं नाव काढून टाकलं होतं. आता ते परत आलं. ग्राउंडवर मला कुणी ओळखत नव्हतं, हीच माझी लायकी ठरली.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. खरं सांगू का, मला आनंद झाला. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळणाऱ्या मुलाला परीक्षेत थोडे वाढीव मार्क मिळतात. एखाद्या विषयात थोडक्यात गेलेला पोरगा त्यावर तरून जातो. माझा स्टॅटिस्टिक्स पहिल्या वर्षापासून मागे राहिला होता. दोनदा दिला, दोनदा गेला. खेळल्याचं सर्टिफिकेट माझ्या नावावर निघालं तर माझं काम होणार होतं.

पण त्याने नाही म्हटलं. कॅप्टनला नाही म्हटलं, सरांनाही हात जोडून नाही म्हटलं. ग्राउंडची तारीख दोनअडीच महिन्यांवर आली होती, त्याला पाय सांभाळायचे होते. त्याच्या वडिलांनीही फोनवर बजावलं होतं की आता बॉलच्या नादी लागू नको. मग सरांनी मला पुढे केलं, म्हणाले, तुझं ऐकेल तो. आणि मी गेलो. चहाच्या टपरीवर बसलो होतो दोघं. मी त्याला नाही नाही ते सांगितलं. टीमचं सांगितलं, कॉलेजच्या इज्जतीचं सांगितलं, जणू काही कॉलेजने माझ्या इज्जतीची कधी चौकशी केली होती. शेवटी म्हणालो, "चारच मॅच आहेत रे. तुझ्या पायांना काय होतंय?"

तो ग्लास फिरवत बसला. मग त्याने एवढंच विचारलं, "तुझे मार्क निघतील का त्याच्यात?"

मी म्हणालो, निघतील.

"मग खेळतो," तो म्हणाला.

हे वाक्य आजही आठवलं की जीव नकोसा होतो.

मग नावाची तालीम सुरू झाली. बाकीच्या टीमा त्याला चेहऱ्याने ओळखायच्या, नावाने नाही. मॅचमध्ये कुणाच्या तोंडून त्याचं खरं नाव निघालं आणि समोरच्या टीमने ऐकलं, तर तक्रार होणार आणि कॉलेजच बाद होणार. म्हणून कॅप्टनने नियम केला की आजपासून त्याला माझ्याच नावाने हाक मारायची, आणि जो चुकेल त्याने ग्राउंडला एक चक्कर मारायची. पहिल्या दिवशी सगळी टीम पळत होती. चारपाच दिवसांत जिभेला वळण लागलं. आठवड्याने तर माझं नाव घेतलं की तोच मागे वळून बघायचा. मला मग काय म्हणायचं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मला 'ए' म्हणायचे. खोलीवरसुद्धा. मी एकदा यावरून भांडलोही. तर तो हसत म्हणाला, "सीझन संपला की धुऊन परत देतो तुझं नाव."

पहिल्या मॅचला मी प्रेक्षकांत बसलो, सगळ्यांचे मोबाईल आणि पाकिटं सांभाळत. टीमच्या बाकावर बसायची मला मनाई होती, कारण मी तर मैदानात होतो. त्याने दोन गोल केले. आजूबाजूला पोरं माझ्या नावाचा घोष करत होती आणि मी मुकाट शेंगा खात होतो. दुसऱ्या दिवशी पेपरच्या स्थानिक पानावर चार ओळींची बातमी आली, त्यात माझं नाव. दोन गोल.

त्या चार ओळी नांदगावला पोचल्या. वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे. त्यांनी ते कात्रण फ्रेम करून गल्ल्यामागे लावलं. माझे वडील कुणाचं कौतुक करणारे नाहीत, दहावी पास झालो तेव्हा 'बरं' म्हणाले होते. तेच आता येणाऱ्या गिऱ्हाइकाला कुकरच्या आधी कात्रण दाखवायचे. आई फोनवर सांगताना हसत होती. मी फोन ठेवला आणि कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा बसून राहिलो. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. दुसरी मॅच जिंकली, तिसरीही जिंकली, प्रत्येक वेळी बातमी आली, आणि दर वेळी मी मूग गिळून गप्प बसलो.

फायनलच्या आधी वडिलांनी एसटीने एक खोकं पाठवलं. आत नवे कोरे स्टड, म्हणजे फुटबॉलचे खिळेवाले बूट. नांदगावला मिळत नाहीत म्हणून त्यांनी मनमाडला जाऊन आणले होते. माझ्या मापाचे. त्याचे स्वतःचे बूट पार गेले होते, पुढून तोंड उघडलेलं, त्यावर चिकटपट्टी. मी खोकं त्याच्यासमोर ठेवलं आणि म्हणालो, गोल करणाऱ्याला पाठवलेत, माझे नाहीत. त्याला ते एक माप मोठे होते. तो म्हणाला, जुनेच बरे हायेत. मीच हट्ट धरला. मला वाटलं, निदान बूट तरी खऱ्या माणसाच्या पायात जाऊ देत. त्याने दोन मोजे चढवून ते घातले.

फायनल सकाळची होती, चांगलीच थंडी होती. पहिल्या हाफमध्येच त्याने डावीकडून आत शिरून गोल केला. पुढे आम्ही तो एक गोल धरून बसलो. शेवटची दहाबारा मिनिटं असतील. तो कोपऱ्यात बॉलमागे पळाला, वळायला गेला, आणि वरचं शरीर वळलं पण पाय जमिनीत रुतल्यासारखा तिथेच राहिला. कुणी त्याला हातही लावला नव्हता. तो खाली बसला. ओरडला नाही. गुडघ्याला दोन्ही हातांनी धरून नुसता बघत बसला, जणू तो दुसऱ्याचा आहे. सगळी टीम माझं नाव घेत त्याच्याकडे धावली. माझं नाव ग्राउंडभर घुमत होतं आणि मी मोबाईलची पिशवी छातीशी धरून उभा. मला पुढे जायची बंदी होती.

बुटामुळेच झालं असं नाही, असं नंतर सर म्हणाले. जमीन कडक होती, थंडी होती, पायांवर ताण होता, कशानेही होतं. पण बूट एक माप मोठे होते हे मला माहीत होतं.

आम्ही जिंकलो. त्याला स्पर्धेच्या गाडीतून जवळच्या दवाखान्यात नेलं. बरोबर स्पर्धेचा एक अधिकारी होता, त्याने ओळखपत्र पाहून फॉर्म भरला. म्हणजे तिथेही माझंच नाव लागलं. समोरच्या टीमला तक्रार करायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुदत होती. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, उद्या दुपारपर्यंत हेच नाव राहू दे, मग बघू. आणि तू दवाखान्याकडे फिरकू नको, त्यांची पोरं तिथे घुटमळतायत. मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार.

त्याचा मोबाईल माझ्याकडेच होता. मी त्यावरून त्याच्या वडिलांना फोन केला. थोडं लागलंय, घाबरायचं काही नाही, अमुक दवाखान्यात आहे, एवढं सांगितलं. नावाचं सांगितलं नाही. विसरलो असं म्हणायला बरं वाटेल, पण विसरलो नव्हतो. ते फोनवर कसं सांगायचं हे मला कळेना, आणि मी ते कॅप्टन सांगेल, सर सांगतील, असं स्वतःला समजावून खोलीवर जाऊन पडलो. दुपारभर तो मोबाईल वाजत होता. स्क्रीनवर 'बाबा' असं येत होतं. मी उचलला नाही. उशीखाली ठेवला तर तिथेही थरथरत होता. शेवटी तो वाजायचा थांबला, आणि तेव्हा मला जास्त भीती वाटली.

दिवस मावळायला मी दवाखान्यात गेलो. फाटकाच्या आत, सायकली लावायच्या जागेशेजारी, त्याचे वडील उकिडवे बसले होते. मी त्यांना एकदाच पाहिलं होतं, तरी लगेच ओळखलं. द्राक्षाचे घड विरळायच्या कामावरून तसेच उठून आले होते. शर्टाच्या खिशात ती छोटी कात्री अजून होती. शेजारी कापडात बांधलेली भाकर. मला पाहून उठले.

"नाय म्हणतात हितं," ते म्हणाले. "तीनदा इचारलं. त्या नावाचं कोनी नाय म्हणतात. दुसऱ्या दवाखान्यात नेलं का त्याला?"

दुपारपासून ते तिथे बसून होते. पोरगा वरच्या मजल्यावर, आणि बाप खाली सायकलींपाशी. काउंटरवरची बाई काही खोटं बोलली नव्हती. त्या नावाचा पेशंट खरंच नव्हता.

मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. म्हणालो, बाबा, तो वर आहे, पण माझ्या नावाने आहे. मॅच माझ्या नावाने खेळला म्हणून.

त्यांना ते समजायला वेळ लागला. माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता तोंडावर. खरंच कोडं पडल्यासारखे म्हणाले, "मंग तू कोन?"

 मी त्यांची भाकर उचलली आणि जिना दाखवला.

पलंगाला लावलेल्या कार्डावर माझं नाव होतं. त्याच्या वडिलांना वाचता येत नव्हतं, तरी ते त्या कार्डाकडे बघत उभे राहिले. तो जागा होता. बापाला पाहून उठायला गेला आणि तोंड वाकडं करून परत पडला. मग घाईघाईने म्हणाला, "बाबा, ग्राउंडला अजून टाइम हाय. होतंय तोवर."  बापाने चादर बाजूला करून गुडघा पाहिला, दुधी भोपळ्यासारखा सुजलेला, आणि चादर पुन्हा नीट टाकली. मग पायथ्याशी बसून राहिला. मी दाराशी उभा होतो. मला रडू आलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी तक्रारीची मुदत संपली आणि सगळे सुटले. तो सोडून. आदल्या दिवशीच त्याचा एमआरआय काढला होता, तो माझ्या नावावर निघाला. गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता, ऑपरेशन लागणार होतं. सरकारी योजनेत ते झालं असतं, पण त्यासाठी रेशनकार्ड लागतं, आणि रेशनकार्डावर त्याचं नाव होतं, तर कागदांवर माझं. डॉक्टर म्हणाले, हे कागद त्याला चालणार नाहीत. म्हणजे आता माझ्या नावाने घरी सोडायचं, आणि त्याच्या नावाने दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात करायची. नव्याने नंबर, नव्याने तपासणी, आणि एमआरआयसाठी लांबची तारीख. सर म्हणाले होते की कॉलेज बघेल. कॉलेज कसं बघणार, तो त्यांचा विद्यार्थी नव्हता आणि कागदोपत्री खेळलाही नव्हता. मी सरांवर जाम भडकलो, त्यांच्या केबिनचं दार आपटून आलो. आता वाटतं, ते दार आपटून मी स्वतःला सोडवून घेत होतो.

त्याचे वडील त्याला घेऊन गेले. बागेच्या कडेच्या पालावर आधी, मग गावाकडे. निघताना त्यांनी एमआरआयचं ते मोठं पाकीट माझ्या हातात दिलं. कुणीतरी त्यांना वरचं नाव वाचून दाखवलं असणार.

"हे तुझ्या नावाचं हाय," ते म्हणाले. "तू ठेव."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच वाटत होतं की ज्याचं नाव त्याची वस्तू.

त्याच्या नावाने एमआरआयची तारीख आली तेव्हा तो गेलाच नाही. गावातल्या एका माणसाने झाडपाला बांधला होता, सूज उतरली होती, आणि त्याला वाटलं की निभावेल. भरतीच्या ग्राउंडला तो आला. सकाळी मी त्याला गुडघ्याला क्रेप बँडेज गुंडाळताना पाहिलं, आणि थांबवलं नाही. थांबवून काय सांगणार होतो? मी मैदानाच्या जाळीबाहेर उभा राहिलो. सोळाशे मीटर म्हणजे चार फेऱ्या. पहिल्या फेरीत तो सगळ्यांच्या पुढे होता, खरं सांगतो, पुढे होता. दुसरीत मागे पडायला लागला. तिसरीच्या वळणावर गुडघा आत गेला आणि तो तिथेच बसला, फायनलला बसला होता तसाच, ओरडला नाही. एका शिपायाने त्याला हाताला धरून बाहेर आणलं. मला पाहून तो म्हणाला, "चल, चहा घेऊ." आम्ही चहा घेतला. 

सर्टिफिकेटं सरांनी समारंभ करून वाटली. माझ्या नावाचं मी घेतलं. स्टॅटिस्टिक्सचा निकाल लागला, थोडक्यात जात होतो, वाढीव मार्कांवर निघालो. त्या पदवीवर पुढे मला नाशिकमध्येच एका संस्थेत कारकुनाची नोकरी लागली. वडिलांच्या दुकानात ते कात्रण अजून आहे, पिवळं पडलंय. त्यांना मी आजवर सांगितलेलं नाही. बूट बसले का, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. बसले म्हणालो.

तो आता द्राक्षांच्या सीझनला गावाकडची टोळी घेऊन बागांवर येतो. पाल सुटलं नाही. वडील थकले, आता तो असतो त्यात. आठ वर्षं झाली. दिवाळीला फोन करतो, माझ्या मुलीची चौकशी करतो. तो मला पूर्वीसारखाच वागवतो, आणि हेच मला झेपत नाही. एकदा तरी शिवी घातली असती तर मी मोकळा झालो असतो.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. हरसूलला मोफत तपासणीचं शिबिर होतं, शहरातून हाडांच्या डॉक्टर येणार होत्या. गुडघा आता उतारावर धरतो, रात्री दुखतो. तो जरा संकोचून म्हणाला, "ते जुने फोटो हायेत का तुझ्याकडं? बाईंना दाखवू म्हटलं." एमआरआयचं ते पाकीट माझ्या कपाटात होतं. आठ वर्षांत घर दोनदा बदललं, पण ते मी टाकलं नव्हतं. मी सुट्टी टाकली आणि गेलो. जाताना घाटात ठरवलं की आज बोलायचं. एका डॉक्टरसमोर तरी म्हणायचं की नाव माझं आहे आणि गुडघा त्याचा.

तो एसटी स्टँडवर न्यायला आला होता. चालताना डावा पाय जरा टाकून चालतो. वाटेत त्याने माझ्या नोकरीचं विचारलं, कायम झालो का म्हणून. मी म्हणालो, होईल या वर्षी, सध्या सगळ्यांची जुनी कागदपत्रं तपासतायत, मार्कशीटपासून खेळाच्या सर्टिफिकेटपर्यंत. तो 'बरं' म्हणाला. मी सहज बोलून गेलो होतो. त्याने मात्र ते लक्षात ठेवलं.

शिबिर शाळेत होतं. एका ताईने यादीतून त्याचं नाव पुकारलं, त्याचं खरं नाव, आणि तो माझ्या खांद्याला धरून उठला. आत डॉक्टरबाईंनी पाकिटातली फिल्म काढली, खिडकीकडे धरून पाहिली. मग कोपऱ्यातलं नाव वाचलं, समोरच्या केसपेपरवरचं नाव वाचलं, आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"हे नाव वेगळं आहे. कुणाची फिल्म आहे ही?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो, उघडलं होतं.

"ह्याची हाय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं. "कालिजात खेळायचा. माझ्या पिशवीत चुकून आली."

बाई माझ्याकडे वळल्या. विचारलं, तुमचा गुडघा का हा, बराच मोठा मार होता, आता काही त्रास होतो का? मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली, आता गप राहा अशी. आणि मी म्हणालो, नाही, काही त्रास नाही. चढता-उतरताना? नाही. बाई म्हणाल्या, नशीबवान आहात, आणि फिल्म माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, तुम्ही जरा बाहेर थांबा, यांना बघून घेते.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. दार उघडंच होतं. आत त्या त्याला विचारत होत्या, किती वर्षं झाली, आणि कसं झालं हे. तो म्हणाला, बांधावरून पडलो. बाई म्हणाल्या, तेव्हाच दाखवायला पाहिजे होतं, इतके दिवस काय केलंत? त्यावर तो काहीतरी बोलून हसला, ते मला ऐकू आलं नाही.

मी पाकीट मांडीवर धरून तिथेच बसून राहिलो.